सिरिल पास्कने घर सरळ केलं तेव्हा

आमच्या नेदर वॉल्डिंगमध्ये सरळ अशी एकच गोष्ट, रेल्वेचा रूळ. बाकी सगळा आनंद. चर्चचा मनोरा कललेला, पबची पाटी तिरकी आणि घरांचं तर विचारूच नका. आणि त्या एकुलत्या एका सरळ गोष्टीची देखभाल करणारा माणूस गावातल्या सगळ्यांत वाकड्या घरात राहायचा. त्याचं नाव सिरिल पास्क. त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात मी राहते, बेरिल थर्लो. तेव्हा त्या घराला वाकडं म्हणायचा हक्क मला आहे, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी ऐकून घेत नाही.

सिरिल म्हणजे ताडमाड माणूस. घराची दारं मात्र चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कुणा बुटक्या शेतकऱ्याने स्वतःच्या मापाने करून घेतलेली. पोरवयातच सिरिल ज्या तुळईवर पहिल्यांदा आपटला, तिथून पुढे तो जो वाकला तो वाकलाच. चर्चच्या दारातून गवताची गाडी सहज आत जाईल, पण तिथेही हा मान खाली घालून शिरायचा. लोकांना वाटायचं, काय भाविक माणूस आहे. डोंबलाचा भाविक. कपाळाला धसका बसला होता त्याच्या.

आता हे घर कसं आहे ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुळात ही सगळी एकच मोठी खोली होती. मधोमध चूल पेटायची आणि धूर वर गवताच्या छपरातून वाट काढायचा. माझ्या माळ्यावर चढलात तर वाशांवर ती काजळी अजून आहे, बोट लावलं की काळं होतं. पुढे कुणाला तरी शहाणपण सुचलं. त्याने विटांचं धुराडं बांधलं, वर माडी घातली आणि ती माडी रस्त्यावर हातभर पुढे काढली. त्यानंतरच्या कुणीतरी मजुरांना भाड्याने द्यायला म्हणून मधोमध कुडाची भिंत घातली आणि एकाची दोन घरं केली. काठ्या विणायच्या, त्यावर माती, शेण आणि चिरलेला पेंढा थापायचा, वरून चुना. झाली भिंत. पलीकडे सिरिल शिंकला की इकडून मी म्हणायची, जप रे बाबा.

पण सांगाडा एकच. ओकच्या लाकडाचा, ओला असतानाच कापलेला. ओला ओक चिवट असतो, पण वाळताना वळतो, आखडतो आणि शेजारच्या लाकडालाही आपल्याबरोबर ओढतो. सुताराने आपल्या आवारात सगळे खांब नि तुळया आधी जमिनीवर जुळवल्या, प्रत्येक जोडावर छिन्नीने खुणेच्या रेघा मारल्या आणि मग इथे आणून उभ्या केल्या. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. आमच्या पबमध्ये सांगतात की ही लाकडं जुन्या जहाजांची आहेत. अहो, समुद्र इथून कुठल्या कुठे, एवढी ओझी चिखलातून कोण मरायला ओढत आणणार? आमच्याच रानातली आहेत ती. मुद्दा काय, तर या घरात एकही खांब एकटा नाही. एकाला हात लावलात की दुसरा कुरकुरतो. माझा नवरा जिवंत असताना आमच्या जिन्याला एक खुंटी ठोकली, तर पलीकडे सिरिलच्या आईचं फडताळ उघडलं होतं.

आई गेल्यावर सिरिल एकटाच राहिला. सकाळी भाकरी-चीजचं फडकं बांधून रुळावर जायचा आणि संध्याकाळी परत. गँगचा मुकादम होता तो. रूळ केसभर खाली बसला तरी त्याला चालताना तळपायाला कळायचं. मग जॅक लावायचा, रूळ उचलायचा, खाली खडी ठोकायची, पाणसळ ठेवायची, तिच्या नळीतला बुडबुडा मध्ये आला की पुढे. कामात एकदम पक्का. बाईमाणसाशी बोलायची वेळ आली की मात्र बूट बघत बसायचा.

आणि बाईमाणूस होतं. गावची नर्स, हिल्डा गॅरड. दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिची इकडे नेमणूक झाली. बुटकी, गोलमटोल, सायकलवर बसली की चाकं दिसायची नाहीत, आणि आवाज असा की बाळंतिणीसुद्धा शिस्तीत कळा द्यायच्या. सिरिलचं बोट एकदा रुळाखालच्या दोन लाकडी स्लीपरांमध्ये चेंगरलं, ते बांधायला ती आली. बोट बरं झालं तरी दर रविवारी चहाला येत राहिली. सात वर्षं. एकट्या पुरुषाकडे एकट्या बाईने कसं जायचं, म्हणून मधे मी, किटलीच्या कामाला. सात वर्षं मी त्या दोघांमध्ये बसून बीटरूटचे सँडविच खाल्ले आणि हवापाण्याच्या गप्पा ऐकल्या. एवढा चहा पिऊनही तो तिला नर्सबाई आणि तुम्ही म्हणायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायची, तेवढाच मला व्यायाम.

सिरिलच्या खोलीतली जमीन रस्त्याकडे उतरती होती. तिकडचा कोपऱ्याचा खांब जुन्या गटाराशेजारी, बूड ओलं होऊन खचलेला. टेबलावर कप ठेवला की तो आपला हळूच निघायचा रस्त्याच्या दिशेने. हिल्डा बोलता बोलता, न बघता, तो टेबलाच्या कडेला झेलायची. एका रविवारी झेलून म्हणाली की आज ओढ जरा जास्तच आहे, आणि स्वतःशीच हसली. मीही हसले. सिरिल मात्र कानापर्यंत लाल झाला आणि त्या दिवशी त्याने दुसरा सँडविच घेतला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

लढाईपासून चालत आलेलं मटणावरचं रेशन उठलं त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या पायाला जखम होती, भरता भरत नव्हती, आणि दर गुरुवारी हिल्डा पट्टी बदलायला यायची. पट्टी गुंडाळताना एकदा तिने सांगितलं की इप्सविचच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलंय. सगळ्या नर्सेसची मुख्य म्हणून. राहायला नवी कोरी इमारत, भिंतीतून गरम पाणी येतं म्हणे. पुढच्या शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी विचारलं, मग काय ठरवलंस? ती म्हणाली की इथे राहण्यासारखं कारण कुणी दाखवलं तर बघू. आणि पट्टीला अशी गाठ मारली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी काय गप्प बसणार? संध्याकाळी कुंपणावरून सिरिलला सगळं सांगितलं, अगदी कारणासकट. तो घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, चांगलं झालं त्यांचं. एवढंच. मग हातातली काठी जमिनीत एवढी खोल रोवली की वेलाला चढायला वीतभर उरली.

“सिरिल, तिला विचार,” मी म्हटलं. “तोंड आहे ना तुला?”

“कुठल्या तोंडाने विचारू, बेरिल? कप ठेवायला सपाट जागा नाही माझ्या घरात.”

मी त्याला म्हटलं की बाई माणसाशी लग्न करते, जमिनीशी नाही. पण एकदा त्याच्या डोक्यात काही बसलं की बसलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून खणल्याचे आवाज यायला लागले. विचारलं तर म्हणाला, मोरी तुंबलीय. मला वाटलं, बरं आहे, मनाला काही उद्योग. मी किती बावळट.

तो पुढचा गुरुवार. शनिवार दोन दिवसांवर आलेला. सिरिलने जन्मात पहिल्यांदा रजा घेतली होती, आणि सकाळीच त्याच्या गँगमधला रेग कटिंग हातगाडीवर काहीतरी ताडपत्रीखाली झाकून घेऊन आला. रेग म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण पोटात काही राहायचं नाही. मला बघून असा काही शीळ घालायला लागला की चोर असता तर जागच्या जागी पकडला गेला असता. मी तशीच आत गेले, कस्टर्ड चुलीवर होतं.

ताडपत्रीखाली होते रेल्वेचे दोन जॅक. सिरिलने कोपऱ्यातल्या विटा उपटून, खड्डा करून, त्यात स्लीपर आडवा टाकून ठेवला होता. त्यावर जॅक उभे केले, जॅकच्या डोक्यावर घराची मोठी तुळई. रेगला बाहेर रस्त्यावर ओळंबा देऊन उभा केला. घर सरळ आलं की सांग, म्हणाला. आयुष्यभर रूळ उचलले, तसंच हे उचलायचं. मुकादमाचं डोकं, दुसरं काय. शेकडो वर्षं ज्या घराने आपली बसायची तऱ्हा ठरवली, ज्याच्या प्रत्येक दाराची चौकट त्या वाकडेपणाला धरून कापलेली, ते घर हा पठ्ठ्या एका सकाळी पाणसळीत आणायला निघाला होता.

मला आधी जिन्यातून एक कण्हणं ऐकू आलं. मग फडताळातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागल्या. मग माझ्या डोळ्यांदेखत मागच्या भिंतीला वरून खाली एक भेग गेली आणि ताटाएवढा गिलावा थेट कस्टर्डात पडला. बाहेर रेगचा आवाज, येतंय, येतंय, अजून थोडं. मी दाराकडे धावले तर दार हलेना. चौकट तिरकी होऊन त्याला चावून बसलेली. मागचं दार, तेही तसंच. मग मी पाय ओढत माडीवर गेले, खिडकी उघडली आणि या जगात जेवढे शब्द मला येत होते तेवढे सगळे वापरले.

शेजारच्या खिडकीतून सिरिलचं डोकं बाहेर आलं. चेहऱ्यावर चुना, हातात पाणसळ. त्याचंही दार अडकलं होतं.

“बेरिल,” तो म्हणाला, “बुडबुडा मध्ये आला होता.”

मी त्याला बुडबुड्याचं काय करायचं ते सांगितलं. रस्त्यावर लोक जमायला लागले. पबवाला आला, पाद्रीबाबा आले, शाळा सोडून मास्तरीणबाई आल्या. माडी रस्त्यावर पुढे काढलेली असल्यामुळे आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरच, दोन खिडक्यांत दोन मुंडकी. आणि तेवढ्यात वळणावरून घंटी वाजली. गुरुवार होता, माझ्या पट्टीची वेळ.

हिल्डा सायकलवरून उतरली. दाराकडे पाहिलं, रेगच्या हातातल्या ओळंब्याकडे पाहिलं, मग वर. काय चाललंय म्हणून तिने रेगला विचारलं. सिरिलने वरून त्याला खुणा केल्या, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. उपयोग काय? रेगने भाबडेपणाने सांगून टाकलं की तुमच्यासाठीच चाललंय नर्सबाई, तुमचा कप घसरतो ना, म्हणून मुकादमांना आधी घर सपाट करायचंय आणि मग शनिवारच्या आत तुम्हाला विचारायचंय.

मास्तरीणबाई आपली पिशवी उघडून उगाच आत बघायला लागल्या. सिरिलचा चेहरा चुन्याखालूनसुद्धा लाल दिसत होता. मला वाटलं, आता हा माणूस खिडकीतून उडी तरी मारेल नाहीतर उरलेलं आयुष्य खिडकी लावून आत बसेल.

हिल्डाने टोपी मागे सारली आणि मान वर करून बोलायला लागली. तिचा तो पोलिसी आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“सिरिल, मी अनाथाश्रमात वाढले. तिथे खाटा एका ओळीत, आम्ही एका ओळीत, भिंतीसुद्धा पट्टीने आखल्यासारख्या. पुढे नर्सेसच्या वसतिगृहात, मग लढाईत, सगळीकडे तेच. पहिल्यांदा तुमच्या घरात आले, खुर्चीवर बसले, तर खुर्चीच कललेली. म्हटलं, चला, इथे कुणी आपल्याला ताठ बस म्हणून ओरडणार नाही. मला आवडतं हो तुमचं घर. होतं तसं आवडतं.”

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. आणि हा गडी काय म्हणाला असेल?

“मग शनिवारी तुम्ही काय कळवणार?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं कस्टर्ड गेलं, भिंत गेली, सात वर्षांचे रविवार गेले, आणि हा अजून चौकशाच करत होता. मी खिडकीतून निम्मी बाहेर आले. म्हटलं, अरे मेल्या, ती कळवायची ते कळवेल, तू विचारणार आहेस की नाही? नाहीतर ती पाणसळ दे इकडे, मी तुझ्या डोक्यात घालते.

मग त्याने विचारलं. इतक्या हळू की पबवाल्याला कानामागे हात धरावा लागला.

“नर्सबाई, तुम्ही इथे राहाल का?”

“इथे म्हणजे कुठे? नेदर वॉल्डिंगमध्ये?”

“नाही. म्हणजे हो. इथे, माझ्याकडे.” त्याने खिडकीची चौकट घट्ट धरली. “माझी बायको म्हणून राहा. जाऊ नका इप्सविचला.”

हिल्डाने सायकलवरची बॅग सोडवली. मग म्हणाली की आधी घर होतं तसं खाली बसवा, बेरिलच्या पायाची पट्टी राहिलीय. एवढंच, आणि टोपी पुन्हा नीट केली. सिरिलचं डोकं आत गेलं. मला त्याचा एवढा कळवळा आला की काय सांगू. विचारायला सात वर्षं लागली, आणि उत्तर काय, तर पट्टी.

त्याने जॅक अगदी हळूहळू उतरवले. मी जिन्यावर बसून ऐकत होते. घर कण्हलं, कुरकुरलं, एकेक खांब आपल्या जुन्या जागेवर टेकत गेला. खुंट्या कडकड वाजल्या, थोडी माती गळली. शेवटी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि माझं दार आपलं आपणच किलकिलं झालं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिरिल आपलं दार उघडून उंबऱ्यावर आला, सवयीने मान खाली घालून. तोवर हिल्डा माझ्या दाराने आत शिरली होती. बॅग घेऊन, त्याच्याकडे न बघता.

तिने मला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर घेतला, जुनी पट्टी सोडली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची, ती पायाकडे. विचारायची हिंमत होईना माझी, आणि माझी हिंमत होत नाही असं फार क्वचित घडतं. खिडकीतून दिसत होतं, सिरिल रस्त्यावर उभा होता, रेग त्याच्याशी काहीतरी बोलत होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

हिल्डाने नवी पट्टी गुंडाळली. चुकली. सोडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा चुकली. अख्ख्या तालुक्याची बाळंतपणं केलेल्या बाईला एक पट्टी जमेना. मग पट्टी तशीच मांडीवर टाकून ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक ओढत. मी घाबरले. म्हटलं, अगं, नसेल करायचं तर नको करूस, मी सांगते त्याला, तो काही म्हणायचा नाही.

“तसं नाही, बेरिल.” तिने बाहीने नाक पुसलं. एरवी रुग्णांना त्यासाठी रागवायची. “सगळीकडून मला पाठवलंच गं. आश्रमातून पाठवलं, इथून तिथे, तिथून पुढे. जाऊ नको असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.”

मग तिने माझ्या मोरीवर तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन त्याला हो म्हणाली.